कोयत्याची बर : ग्राइंडरवरून उतरला म्हणजे कोयता तयार झाला असे नव्हे



तोडणीच्या हंगामात आम्ही शेतकी विभागाची माणसे फडाफडातून हिंडत असतो. लागणीची नोंद, पक्वता, तोडणीचा क्रम, पाचट, खोडवा या विषयांवर आपल्याशी बोलणे होतच असते. पण ज्या हत्याराने हा सगळा ऊस तुटतो त्या कोयत्याबद्दल आपण कधी बोलत नाही. कोयता हा टोळीचा, त्याची धार ही टोळीची काळजी, आपला त्यात संबंध काय, असे बहुतेक सभासद धरून चालतात. आमचे म्हणणे असे की संबंध फार जवळचा आहे. तोडणी मजुरांच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मुकादमाची उचल, टोळीची मोजणी, सगळे कोयत्यावर. ज्या हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात ते हत्यार नीट आहे की नाही हे पाहायला कोणाला सवड नाही, ही गंमतच म्हणायची.

हल्ली गावोगाव ग्राइंडर झाले. वेल्डिंगच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या गॅरेजात, पिठाच्या गिरणीशेजारी, कुठेही एमरीचे चाक मोटरवर फिरत असते. पूर्वी दगडावर पाणी टाकून अर्धा तास कोयता घासावा लागे, ते काम आता दोन मिनिटांत होते. ठिणग्या उडतात, पाते चकाकते, माणूस अंगठा लावून पाहतो, करकरीत लागते, आणि खूश होऊन फडात जातो. तासाभरात तोच माणूस म्हणतो, “धार गेली.” मग दोष लोहाराला, दोष पोलादाला, नाही तर उसाला. “ही जात लई कडक,” असे आम्ही किती वेळा ऐकले असेल!

बहुतेक वेळा धार गेलेली नसते. धार लागलेलीच नसते. लागली होती ती बर.

बर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. वर्कशॉपमधल्या फिटर मंडळींचा हा रोजचा शब्द आहे. पत्रा कापला, भोक पाडले की कडेला जी खरखरीत धातूची काठ उभी राहते ती बर. कोयत्यालाही ती येते. पात्याची एक बाजू चाकावर धरली की चाकाचे कण पोलाद खात खात धारेकडे सरकतात. धार जसजशी पातळ होते तसतसे अगदी टोकाचे पोलाद कागदासारखे होते. कागदाला कात्रीची साथ नसली तर तो कापला जात नाही, वाकतो. तसेच हे पातळ पोलाद चाकापुढे टिकत नाही, कापलेही जात नाही, ते पलीकडच्या बाजूला दुमडते. ही दुमडलेली बारीक पट्टी धारेच्या संपूर्ण लांबीवर तारेसारखी उभी राहते. उजवी बाजू घासली तर बर डावीकडे, डावी घासली तर उजवीकडे. एक ध्यानात घ्या, बर येणे हा दोष नाही. उलट बर आली म्हणजे घासणे धारेच्या टोकापर्यंत पोहोचले, याची ती खूण आहे. अर्ध्या पात्याला बर आली आणि अर्ध्याला नाही, तर त्या अर्ध्याला अजून धारच लागलेली नाही. म्हणून बर आणावी लागते. दोष तिला तशीच ठेवून फडात नेण्यात आहे.

आता अंगठ्याला करकरीत लागते ते काय? तीच बर. ती कातडीत अडकते, म्हणून माणसाला वाटते की कोयता जबरदस्त धारदार आहे. एका मुकादमाने आम्हाला तोंडावरच सांगितले, “साहेब, बर काढली की कोयता मऊ लागतो, धार जाते.” त्याचे निरीक्षण खोटे नव्हते, अर्थ चुकत होता. बर काढलेली खरी धार हाताला गुळगुळीत लागते, आणि गुळगुळीत लागते म्हणूनच ती फसवी वाटते. पहिल्या पाच-पंचवीस उसांत बरीचे काय होते पाहा. उसाची साल टणक, कांड्यावरची पेरे त्याहून टणक. घाव बसला की ही पातळ तार काही ठिकाणी आडवी पडते आणि धारेवर लोळते, काही ठिकाणी तुटून पडते. तुटताना ती एकटी जात नाही, मुळाशी असलेले चांगले पोलाद थोडे थोडे ओरबाडून नेते. धारेला बारीक दाते पडतात. मग कोयता कापत नाही, ठेचतो. मजूर जोर वाढवतो, एका घावाच्या जागी दोन घालतो, आणि कंबर वाकवून खाली जायचे टाळून वरूनच घाव घालू लागतो. इथे तुमचा आमचा संबंध येतो.

पक्व उसात साखर सर्वात जास्त बुडाकडच्या कांड्यांत, सर्वात कमी वाढ्याकडे, हे आपल्याला ठाऊक आहे. जमिनीलगत तोडणी करा असे आम्ही दर वर्षी सांगतो ते त्याचसाठी. हिशेब सोपा आहे. एकरी चाळीस हजार ऊस धरा, उसाचे सरासरी वजन सव्वा किलो, म्हणजे पन्नास टन. उसाची लांबी अडीच मीटर. बुडाशी दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, राहिले की उसाचा पन्नासावा भाग शेतात राहिला. पन्नास टनांतला एक टन. आणि बुडखा वरच्या भागापेक्षा जाड असतो, तेव्हा प्रत्यक्षात टनाहून थोडे अधिकच. हा टन तुमच्या काट्यावर येत नाही, मजुराच्या तोडणीतही धरला जात नाही, कारखान्याच्या गव्हाणीतही पडत नाही. तिघांचेही नुकसान.

त्याहून मोठी गोष्ट खोडव्याची. बुडखा उंच राहिला की जमिनीच्या वरचे डोळे फुटतात. त्या फुटव्यांची मुळे वरच्यावर राहतात, फुटवे लेचेपेचे होतात, पुढे लोळतात. जमिनीखालच्या डोळ्यांचा फुटवा जोमदार असतो. आणि बोथट कोयत्याने बुडखा नुसता उंच राहत नाही, तो पिचतो, उभा चिरतो, बेट हलते. पिचलेल्या बुडख्यात पाणी मुरते, बुरशी शिरते. म्हणून तर तोडणीनंतर बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा आणि त्यावर बुरशीनाशक फवारा अशी शिफारस आहे. को ८६०३२ ही जात पाडेगावहून १९९६ साली शिफारस झाली आणि तिचा खोडवा चांगला येतो म्हणून आपण ती उचलून धरली. २००७ साली फुले २६५ आली. जात कितीही चांगली असू द्या, बुडख्याची फोड झाली तर खोडव्याचा भरवसा धरू नये.

बेण्याचेही तेच. टिपरी तोडताना काप स्वच्छ हवा. ठेचलेल्या टोकातून अननस रोगाची बुरशी आत जाते आणि डोळा उगवण्याआधीच कांडी आतून लाल-काळी पडते. त्यात खोडवा खुजा रोग तर कोयत्यावरूनच एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो. बेणे तोडताना कोयता अधूनमधून जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवा असे आम्ही म्हणतो ते उगाच नाही. दातेरी, बरीच्या कडेवर रस आणि चोथा चिकटून बसतो, तो बुडवूनही नीट निघत नाही.

आता बर काढायची कशी, त्याकडे वळू. पण काढण्याआधी ती कमी येईल असे घासणे हे अर्धे काम आहे, आणि तिथेच आपल्या गावच्या ग्राइंडरवर सगळा घोटाळा असतो.

आपले बहुतेक कोयते मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे. पोलाद चांगले असते, लोहाराने पाणीही बरोबर दिलेले असते. ग्राइंडरवर ते पाणी दहा सेकंदांत उतरते. पाते तापत चालले की चकचकीत कडेवर रंग येऊ लागतात. पहिला गवती पिवळा, साधारण २२० ते २४० अंशांना. मग तपकिरी, मग जांभळट, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. निळा दिसला की त्या जागेचे पोलाद नरम झाले. मग कितीही पाण्यात बुडवा, गेलेले पाणी परत येत नाही. नरम पोलादाला बर भरपूर येते, आणि चिवटपणे चिकटून राहते, इकडून काढली की तिकडे दुमडते. ज्याची बर निघता निघत नाही असा कोयता आमच्याकडे आणला तर आम्ही आधी कडेचा रंग विचारतो. निळा भाग सावकाश घासून काढून टाकायचा, फारच असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी द्यायचे, दुसरा इलाज नाही. तेव्हा पाते हातात उघडेच धरावे, म्हणजे उष्णता कळते. बोटाला सोसेना इतके तापण्याआधी शेजारच्या बादलीत बुडवावे. एका जागी थांबू नये, मुठीकडून टोकाकडे सरकत राहावे. पाण्यात सावकाश, मिनिटाला शे-दीडशे फेरे फिरणारा दगड मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्यावर पाते तापतच नाही.

चाकाचा स्वतःचा दोषही असतो. बऱ्याच दुकानांत चाक वापरून वापरून काचेसारखे गुळगुळीत, चमकदार झालेले असते. ते कापत नाही, नुसते चोळते. चोळले की तापते, तापले की बर. असे चाक ड्रेसरने खरवडून पुन्हा खरखरीत करावे लागते. दाणा फार जाड, ३६ नंबरचा असला तर बरही जाड येते. जाड दाण्यावर फक्त दाते मोडलेला कोयता आकाराला आणावा आणि शेवट ८० किंवा १२० नंबरवर करावा. दोन चाकी ग्राइंडर असतो तो त्यासाठीच, पण दुकानदार दोन्ही बाजूंना एकच चाक लावून ठेवतात!

कोन किती, असे विचाराल. कोयता हे तोडायचे हत्यार आहे, दाढीचे नव्हे. दोन्ही बाजूंनी साधारण १८ ते २० अंश पुरे. अडीच इंच रुंदीचे पाते सपाट दगडावर ठेवून पाठ पाऊण इंच उचलली की जवळपास तो कोन येतो. हाताला एकदा सवय झाली की मोजावे लागत नाही.

एक बाजू घासून संपूर्ण लांबीला बर आली की थांबा. अंगठ्याचे पेर पाठीकडून धारेकडे आणून बाहेर सोडा, बर तिकडे असेल तर अडखळते. धारेच्या लांबीवर अंगठा कधीही ओढू नका. दुसरी बाजू घासा, बर इकडे येईल. आता खरे काम सुरू. पुन्हा पहिली बाजू, एकच फेरी, दाब अजिबात नाही, नुसते कोयत्याचे वजन. मग दुसरी बाजू, एकच फेरी. असे आलटून पालटून चार-पाच वेळा, दर वेळी हात हलका. प्रत्येक फेरीत बर इकडून तिकडे लोळते, पातळ होते, मुळाशी कमकुवत होते. घाई असलेला माणूस इथेच थांबतो किंवा इथपर्यंतही येत नाही. एका बाजूला दहा फेऱ्या, दुसऱ्या बाजूला दहा फेऱ्या, संपले. शेवटच्या दहा फेऱ्यांची सगळी बर एका बाजूला तशीच उभी.

चाकावर बर पातळ होते, पण पूर्ण जात नाही. ती हाताच्या दगडावर काढायची. बाजारात तेलाचा दगड मिळतो, एका बाजूने जाड, दुसरीकडून बारीक. कोयत्याला नाक असते, पोट वळलेले असते, म्हणून कोयता दगडावर फिरवण्यापेक्षा कोयता मांडीखाली किंवा ओंडक्यावर पक्का दाबून दगडच हातात घेऊन फिरवावा. दगडाची बारीक बाजू, दोन थेंब तेल, आणि कोन आधीपेक्षा जरासा जास्त, म्हणजे पाठ थोडी अधिक उचललेली. घास धारेकडून पाठीकडे, जणू धारच दगडात शिरते आहे. उलट घासले तर पोलाद धारेकडे ओढले जाते आणि बर पुन्हा लांबते. बर जिकडे लागते तिकडून सुरुवात, दोन घास. मग दुसरीकडे दोन. मग एकेक. शेवटचे तर हात लावला न लावला असे. सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. बोटे मात्र दगडाच्या कडेखाली ठेवू नयेत, घास धारेकडून आहे.

त्यानंतर मऊ लाकडाच्या तुकड्यावर धार एकदाच हलके ओढून घेतली तर सैल झालेले उरलेसुरले धागे लाकडात अडकून निघतात. पण हे शेवटी. बरेच जण ग्राइंडरवरून उतरल्या उतरल्या कोयता लाकडात ओढतात किंवा ओंडक्यावर दोन घाव घालतात, बर निघते खरी, पण उपटून निघते आणि धार खडबडीत राहते. दाढ दुखते म्हणून पक्कडीने उपटण्यातला प्रकार.

कानशीविषयी दोन शब्द. टोळीत एखाद्याकडे कानस असतेच, आणि फडात ती सोयीची आहे. पण कानसही बर आणते. कानस फिरवल्यावर दगडाचे चार घास घातलेच पाहिजेत.

काही दुकानांतून फेल्टचे किंवा चामड्याचे चाक आणि पॉलिशचा साबण असतो. बर काढायला ते उत्तम आहे, विशेषतः घरच्या विळीला आणि सुरीला. न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढतो तेच काम ते मोटरवर करते. मात्र एक नियम जिवाचा आहे. एमरीच्या कडक चाकावर टेकू असतो, तिथे धार चाकासमोर धरता येते. मऊ चाकावर धार कधीही फिरत्या चाकासमोर धरायची नाही. चाक पाठीकडून धारेकडे पळत असले पाहिजे, धारेवरून निसटून गेले पाहिजे. उलट धरले तर धार चामड्यात रुतते आणि सेर-दीड सेराचा कोयता गरकन फिरून माणसाच्या अंगावर येतो. जमत नसेल तर जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा फळीला चिकटवावा, साबण चोळावा आणि हाताने ओढावे. धोका नाही, काम तेवढेच.

बर गेली की नाही हे कसे ओळखायचे? अंगठ्याचे पेर दोन्ही बाजूंनी पाठीकडून बाहेर काढून पाहा, कुठेच अडखळता कामा नये. कापसाचा पुंजका धारेवरून हलके फिरवा, जिथे बर असेल तिथे तंतू अडकतील. धार उन्हाकडे करून सरळ डोळ्यांसमोर धरा, चांगल्या धारेला रेघ दिसत नाही, बर असेल तर पांढरी चमकणारी रेघ दिसते. आणि फडातली परीक्षा म्हणजे उसाचे हिरवे पान. एका हातात धरून कोयत्याने कापा, सरळ उतरले तर ठीक, दोरे निघत फाटले तर परत दगडावर. ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी एकाच लोहाराचे दोन कोयते घ्यावे, दोन्ही एकाच ग्राइंडरवर लावावे, एकाची बर काढावी, दुसऱ्याची ठेवावी, आणि एकाच माणसाला अर्धा-अर्धा दिवस द्यावे. संध्याकाळी आम्हाला विचारायची गरज पडणार नाही.

ग्राइंडरपाशी माणसे जपायला हवीत. टेकू आणि चाक यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाही तर पात्याचे नाक आत ओढले जाते. डोळ्यांना चष्मा पाहिजेच, बरीचा कण डोळ्यात रुतला तर तो लोखंडाचा कण आहे, पदराने काढायचा कचरा नव्हे, डॉक्टरच पाहिजे. पदर, सोगा, मफलर, मोकळे केस आवरून घ्यावेत. हातमोजा घालू नये, तो चाकात ओढला जातो. नवे चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलके वाजवून पाहावे, खणखणीत आवाज आला तर चांगले, बद्द आवाज आला तर तडा. सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहावे. चाकावरच्या कागदावर जास्तीत जास्त फेरे लिहिलेले असतात ते वाचावेत. २०० मिलिमीटरचे चाक २,८५० फेऱ्यांनी फिरले तर त्याची कड सेकंदाला ३० मीटर धावते. त्याच मोटरवर ३०० मिलिमीटरचे चाक चढवले तर तीच कड ४५ मीटर धावते, आणि बहुतेक साध्या चाकांची मर्यादा ३५ मीटरची असते. मोठे चाक म्हणजे जास्त काम, असा हिशेब करून कोणी ते बसवू नये.

हातात धरायच्या छोट्या ग्राइंडरची तर आम्हाला धास्तीच वाटते. कापायची पातळ चकती आडवी करून तिच्या अंगाने कोयता घासणारे लोक आम्ही पाहतो. ती चकती कडेने कापण्यासाठी आहे, अंगाने दाब सोसत नाही, फुटते. शिवाय पाते क्षणात निळे होते. हे अगदी बंदच करावे.

सभासदांना आमची विनंती एवढीच की टोळी फडावर आली की पहिल्याच दिवशी मुकादमाशी कोयत्यांविषयी बोला. एक तेलाचा दगड शेतकऱ्याने फडाच्या कडेला ठेवला तर टोळी तो आनंदाने वापरते, हा आमचा अनुभव आहे. दगड हंगामभर पुरतो, आणि त्याची किंमत त्या शेतात राहिलेल्या एक टन उसापुढे काहीच नाही. रोज संध्याकाळी कोपीसमोर प्रत्येक कोयत्याला दगडाचे चार-सहा घास मिळाले तर ग्राइंडरवर पुन्हा पुन्हा जावे लागत नाही, पातेही झिजत नाही. घासून झाल्यावर कोयता पुसून, तेलाचे बोट फिरवून, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून कोपीच्या छपरात वर खोचावा. अड्ड्यावर लहान मुले असतात, आणि निघालेल्या बरीचे बारीक तुकडे दगडाखाली पडलेले असतात, ती जागा झाडून घ्यावी.